मानवी उत्क्रांती शिकवायची तर पहिला तास दातांचा ठेवा

प्रश्न असा आहे: महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना जैविक मानवशास्त्र आणि मानवी उत्क्रांती यांची तोंडओळख करून द्यायची आहे. दहा-बारा तासिका मिळणार आहेत, निम्म्या मुलांनी दहावीनंतर जीवशास्त्र सोडलेलं आहे आणि हाताशी प्रयोगशाळा नाही. सुरुवात कुठून करावी?

कालरेषेपासून करू नका, एवढं आधी सांगतो. सत्तर लाख वर्षांची पट्टी फळ्यावर काढली आणि तिच्यावर सहेलान्थ्रोपस, आर्डिपिथेकस, ऑस्ट्रेलोपिथेकस अशी प्राचीन मानवसदृश प्राण्यांची नावं चढवत गेलं, की मुलं ती नावं पाठ करतात आणि विषय संपला असं समजतात. शिवाय अशा पट्टीमुळे एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी शिडी डोक्यात बसते, आणि ती नंतर काढायला फार त्रास होतो. या विषयात शिकवण्याजोगी मुख्य गोष्ट आहे ती पुराव्याची: कोणतं हाड, कोणत्या थरात, वय कशावरून काढलं, आणि त्या हाडावरून नेमकं किती म्हणता येतं. ही सवय पहिल्या दोन-तीन तासांत लागली तर नावं पुढे आपोआप येतात.

पहिला तास दातांचा. साहित्य म्हणजे प्रत्येकाला एक छोटा आरसा आणि मोबाइलची विजेरी. खालच्या जबड्याच्या एका बाजूचे दात मधल्या रेषेपासून मागे मोजायला सांगा: २ पटाशीचे, १ सुळा, २ उपदाढा, ३ दाढा. एकूण ८, चार भागांत मिळून ३२. काहींची अक्कलदाढ आलेली नसेल, काहींची कधीच येणार नाही. तेही वहीत नोंदवून घ्या, कारण एका जातीच्या आतली विविधता हाच पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे. मग सांगा, की हेच सूत्र गावातल्या काळतोंड्या वानराचं, देवळाबाहेरच्या लालतोंड्या माकडाचं, आसाममधल्या हूलॉक गिबनचं आणि आफ्रिकेतल्या चिंपांझीचंही आहे. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना मात्र प्रत्येक बाजूला उपदाढा तीन असतात. नात्यांची मांडणी अशा समान आणि वेगळ्या खुणांवरून होते, हे इथे पहिल्यांदा समजतं.

त्यानंतर खालच्या पहिल्या दाढेचा माथा. वानर-माकडांच्या दाढेवर चार उंचवटे असतात आणि ते दोन-दोन जोडून दोन आडव्या धारा तयार होतात. एप (गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी हे बिनशेपटीचे) आणि माणूस यांच्या खालच्या दाढेवर बहुधा पाच उंचवटे असतात आणि त्यांच्यामधल्या खाचा वाय अक्षरासारख्या फिरतात. इथे एक अडचण नक्की येते. मुलं सोयीची म्हणून दुसरी दाढ बघतात; माणसात तिच्यावर बऱ्याचदा चारच उंचवटे आणि अधिक चिन्हासारखी खाच असते. मग “आम्ही माकडांत मोडतो का?” असा गोंधळ होतो. म्हणून पहिलीच दाढ पाहा, आणि ती भरलेली किंवा झिजलेली नसेल अशी निवडा. आरशात नीट दिसत नाही, तेव्हा जवळच्या दंतवैद्यकीय महाविद्यालयातून रुग्णांचं नाव खरवडून काढलेले प्लास्टरचे जुने साचे मागून घ्या. दहा-बारा साचे मिळाले तरी तासाचं रूप बदलतं.

दातांना एवढा वेळ देण्याचं कारण साधं आहे. दंतवल्क हा शरीरातला सर्वांत कठीण भाग, म्हणून जीवाश्मांत दात सर्वांत जास्त मिळतात. आणि हाड आयुष्यभर स्वतःला बदलत राहतं, पण दंतवल्क एकदा तयार झालं की दुरुस्त होत नाही. बालपणी मोठं आजारपण किंवा उपासमार झाली तर दातावर आडवी खाच उमटते आणि ती कायम राहते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन झालं. तिथे लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेलं आढळलं. त्या मुलांच्या दातांचा अभ्यास म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बालपणाचा अभ्यास आहे, आणि मराठी मुलांना जैविक मानवशास्त्र कशाशी खातात हे सांगायला याहून जवळचं उदाहरण नाही.

दात वयही सांगतात. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुसरी बाराव्या आणि तिसरी सतरानंतर केव्हातरी. आता केनियात १९८४ साली तुर्काना सरोवराजवळ मिळालेला होमो इरेक्टस या प्राचीन मानवजातीचा मुलगा घ्या. सांगाडा १५ ते १६ लाख वर्षांपूर्वीचा, उंची अंदाजे १६० सेंटीमीटर. उंचीवरून आजच्या मोजपट्टीने तो किशोर वाटतो. दंतवल्कातल्या सूक्ष्म वाढरेषा मोजल्या तर वय आठच्या आसपास निघतं. दोन्ही मोजमापं बरोबर आहेत. त्याची वाढ आपल्यापेक्षा लवकर होत होती, आपल्यासारखं लांबलेलं बालपण तेव्हा अजून आलेलं नव्हतं.

दातांचा तास संपवताना रामापिथेकसची हकिगत जरूर सांगा, कारण शालेय पुस्तकांतून हे नाव मुलांना भेटलेलं असतं. हिमाचलातल्या हरितल्यांगर भागात १९३०च्या दशकात वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. सुळे छोटे, दंतवल्क जाड, आणि जबड्याची कमान माणसासारखी गोलाकार वाटली, म्हणून १९६०च्या दशकात त्याला मानवाचा पूर्वज ठरवलं गेलं. अडचण अशी, की त्या तुकड्यात जबड्याची मधली रेषाच नव्हती. मधली रेषा नसेल तर दोन बाजू किती कोनात जोडायच्या हे जोडणाऱ्याच्या अपेक्षेवर ठरतं. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या प्राचीन एपचा चेहरा मिळाला, १९८२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि तो ओरांगउटानशी जुळला. रामापिथेकस हे वेगळं प्राणीकुळ नसून शिवापिथेकसच, हे तेव्हा मान्य झालं. रेणूंवरून काढलेलं माणूस-चिंपांझी विभाजनाचं वय १९६७ पासूनच रामापिथेकसच्या विरोधात जात होतं, कारण त्या हिशेबाने रामापिथेकस विभाजनाच्याही आधीचा ठरत होता. मुलांना हा प्रयोग करायला लावा: साच्याची फोटोप्रत काढा, मधून कापून दोन सेंटीमीटरची पट्टी काढून टाका आणि उरलेले भाग चार गटांना जुळवायला द्या. चार वेगळ्या कमानी मिळतात.

दुसरा आणि तिसरा तास चालण्याचा. इथेही सुरुवात स्वतःच्या शरीरापासून. कमरेच्या हाडाच्या कडेखाली बाजूला तळवा ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूचा पाय उचलायचा. तळव्याखालचा स्नायू लगेच घट्ट होतो. एका पायावर असताना धड उचललेल्या पायाकडे कलंडू नये म्हणून तो ओढून धरतो. माणसाचं नितंबास्थी आखूड, रुंद आणि बाजूला वळलेलं आहे म्हणून हा स्नायू बाजूला येतो. चिंपांझीत ते उंच, सपाट आणि पाठीकडे असतं. त्यामुळे दोन पायांवर चालताना त्याला संपूर्ण धड डावी-उजवीकडे झुकवावं लागतं. मग मांडीचं हाड: माणसात ते नितंबापासून गुडघ्याकडे आत झुकतं, साधारण ८ ते ११ अंश, चिंपांझीत जवळजवळ सरळ. म्हणजे जीवाश्म म्हणून मांडीच्या हाडाचं फक्त खालचं टोक मिळालं, तरी तो प्राणी कसा चालत होता याचा अंदाज बांधता येतो.

मोजमापाचा एक सराव घ्याच. हाताच्या लांब हाडांची बेरीज भागिले पायाच्या लांब हाडांची बेरीज, गुणिले १००. माणसात हे सुमारे ७० येतं, चिंपांझीत १०० च्या थोडं वर, गिबन आणि ओरांगउटानमध्ये त्याहून बरंच जास्त. जिवंत माणसावर खांद्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या बाहेरच्या खाचेपर्यंत, तिथून मनगटाच्या अंगठ्याकडच्या टोकापर्यंत. पायात मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यापासून गुडघ्याच्या फटीपर्यंत, आणि तिथून घोट्यापर्यंत. समजा दंड ३१, पुढचा हात २४, मांडी ४२, नडगी ३६ सेंटीमीटर. ५५ भागिले ७८, म्हणजे ७०.५. आता खरी मेख: मांडीच्या हाडाचा गोल माथा त्वचेखाली हाताला लागत नाही, म्हणून आपण बाहेरच्या उंचवट्यापासून मोजतो आणि मांडी आखूड भरते. प्रत्यक्ष हाड ४४ असेल तर उत्तर ६८.८ येतं. सांगाड्यावरचा आकडा आणि जिवंत शरीरावरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करायची नाही, हे मुलांना इथे स्वतःच्या आकड्यांतून पटतं.

शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणते आणि शरीराच्या वळणावरून जाते. दोन काटकोनी पट्ट्या लावलेली लाकडी मीटरपट्टी पुरते. प्रत्येक मोजमाप तीनदा, आधीचा आकडा झाकून, आणि मधला आकडा घ्यायचा. दोन मुलांनी एकाच व्यक्तीचं मोजमाप घेतलं की फरक येतो. फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, व्यक्तींच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. ही मोजमापाची तांत्रिक त्रुटी. तुमची त्रुटी एक सेंटीमीटर असेल तर दोन गटांतल्या अर्ध्या सेंटीमीटरच्या फरकावर बोलायचा अधिकार राहत नाही. मुलांना हे गणित अवघड जात नाही; अवघड जातं ते स्वतःचा लाडका निष्कर्ष सोडणं.

कवटीसाठी वैद्यकीय दुकानात मिळणारी प्लास्टरची किंवा प्लास्टिकची प्रतिकृती चालेल. खरा मानवी सांगाडा कुणाकडून मिळवण्याच्या भानगडीत पडू नका. कुणाचा, कुठून आला, संमती होती का, याची उत्तरं जुन्या सांगाड्यांबाबत सहसा मिळत नाहीत, आणि भारतातून मानवी हाडांच्या निर्यातीवर १९८५ साली बंदी आली ती याच काळ्या धंद्यामुळे. रानात सापडलेली वानराची कवटीही परस्पर उचलून आणू नका, वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. तुलनेसाठी कसायाकडची बोकडाची कवटी पुष्कळ आहे. प्रतिकृती टेबलावर कशीही ठेवली की कवटीच्या तळाचं मोठं छिद्र, ज्यातून मज्जारज्जू उतरतो, ते पुढे आहे की मागे हे कळत नाही. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत आणा, मगच पाहा. माणसात छिद्र कवटीखाली जवळपास मध्यावर, बोकडात पार मागे. दक्षिण आफ्रिकेतल्या टाँग इथल्या बालकवटीत हे छिद्र पुढे आहे हे शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्टने १९२५ साली दाखवलं, आणि तरी दोन-अडीच दशकं त्याचं म्हणणं फारसं कुणी मानलं नाही. कारण मेंदू तर एपएवढाच होता, आणि इंग्लंडमध्ये १९१२ पासून पिल्टडाउनची कवटी मिरवत होती: मोठा मेंदू, एपचा जबडा. ती माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र पुरून केलेली फसवणूक होती, हे १९५३ साली उघड झालं. मेंदू आधी मोठा झाला असणार अशी विद्वानांची अपेक्षा होती आणि बनावट हाडांनी तीच पुरवली.

प्रत्यक्षात क्रम उलटा आहे, आणि संपूर्ण अभ्यासक्रमातून मुलांनी एकच निष्कर्ष लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. टांझानियातल्या लेटोली इथल्या ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली दोन पायांची पावलं ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वीची. इथिओपियात हदर इथे २४ नोव्हेंबर १९७४ रोजी मिळालेली लूसी, म्हणजे ऑस्ट्रेलोपिथेकसच्या एका मादीचा सांगाडा, ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्या जातीचा मेंदू साधारण ४०० ते ५५० घन सेंटीमीटर, म्हणजे चिंपांझीपेक्षा थोडा मोठा. तुर्कानाच्या मुलाचा ८८०. आपला सरासरी १३५० च्या आसपास, आणि निरोगी माणसांत तो १००० पासून १८०० पर्यंत असतो. आधी चालणं, मग दगडी हत्यारं, आणि मेंदूची मोठी वाढ त्यानंतर.

संगणकावर पाहता येतील अशा जीवाश्मांच्या त्रिमितीय प्रती आता फुकट मिळतात. होमो नालेदी या प्राचीन मानवजातीच्या तर शोधनिबंधासोबतच २०१५ साली खुल्या झाल्या. छापून घेणार असाल तर छापणारा प्रत यंत्रात मावावी म्हणून लहान करतो, हे ध्यानात ठेवा. छापल्यावर एक ठरावीक लांबी मोजून मूळ आकड्याशी ताडून पाहा, नाहीतर मुलं ऐंशी टक्के आकाराच्या कवटीवर मेंदूचे निष्कर्ष काढतील.

वय कसं काढतात याला अर्धा तास पुरतो, पण तो द्याच, कारण सर्वांत जास्त चुकीच्या समजुती इथे आहेत. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाळ ५७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. लूसीचं वय कार्बनने काढलेलं नाही आणि काढता येणारही नाही. पूर्व आफ्रिकेत ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत, त्यांतल्या स्फटिकांचं वय त्यांत साठलेल्या आर्गॉन वायूवरून काढतात. हाड दोन थरांच्या मध्ये असेल तर त्याचं वय त्या दोन वयांच्या मध्ये. “मग आपल्याकडे इतका ज्वालामुखीचा दगड आहे, इथे का मिळत नाहीत?” हा प्रश्न महाराष्ट्रात दर वर्गात येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा एपसुद्धा नव्हते. शोधायचं ते त्यावर साचलेल्या नदीगाळात. तिथे दगडी हत्यारं पुष्कळ मिळतात, हाडं मात्र क्वचित टिकतात. भारतातला सर्वांत महत्त्वाचा प्राचीन मानवी जीवाश्म, अरुण सोनकिया यांना १९८२ साली मध्य प्रदेशात हथनोरा इथे मिळालेला कवटीचा भाग, नर्मदेच्या अशाच गाळातला. नदी हाडं एका थरातून उचलून दुसऱ्यात टाकते, त्यामुळे त्याच्या वयाबद्दल आणि जातीबद्दल मतभेद टिकून आहेत. मुलांना ते मतभेद मतभेद म्हणूनच सांगा.

“माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत?” याला लांब व्याख्यान लागत नाही. चुलत भावंडांपैकी कुणी कुणापासून जन्मलेलं नसतं, आजोबा एक असतात. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज साधारण ६० ते ८० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हापासून चिंपांझीही तेवढाच बदलत आला आहे. चिंपांझीचं नातं गोरिलाशी आहे त्यापेक्षा आपल्याशी जवळचं आहे, हे मुलांना जास्त धक्का देतं. तेवढं फांद्या काढून दाखवा.

आता जिवंत माणसांतली उत्क्रांती. यासाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापेक्षा चांगलं उदाहरण नाही, कारण नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांचा तो रोजचा प्रश्न आहे. एक जनुक-प्रत असली तर मलेरियापासून काही संरक्षण, दोन असल्या तर गंभीर आजार. म्हणून मलेरियाच्या प्रदेशात ही जनुक टिकली. गणित असं: त्या जागेच्या सगळ्या जनुक-प्रतींत तिचं प्रमाण ०.१ असेल तर हजार नवजात बालकांत ८१० निरोगी, १८० वाहक, १० रुग्ण अपेक्षित. आकडे जुळले नाहीत तर कारणं शोधायला लावा. प्रौढांची पाहणी केली असेल तर रुग्ण कमी दिसतात, कारण काही लहानपणीच दगावलेले असतात. आणि आपापल्यातच लग्नं करणारे दोन समाज एकत्र मोजले तर उलट होतं. एका समाजात प्रमाण ०.२ आणि दुसऱ्यात शून्य धरा, दोन्हींची संख्या सारखी. सरासरी ०.१ येते, पण वाहक १८ ऐवजी १६ टक्के आणि रुग्ण १ ऐवजी २ टक्के निघतात. भारतातल्या जनुकीय आकडेवारीत ही चूक वारंवार डोकावते. एक पथ्य कडक पाळा: वर्गात कुणाची तपासणी करायची नाही, कुणाला घरच्या आजाराबद्दल विचारायचं नाही. काल्पनिक आकडे वापरा.

इथूनच वंशाचा विषय निघतो आणि तो टाळू नका. या शास्त्राचा जुना इतिहास डाग असलेला आहे. वसाहतकाळात ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड लावली. त्याच प्रकारची साधनं तुम्ही मुलांच्या हातात देणार आहात, तेव्हा त्यांचा काय वापर झाला हे सांगणं तुमचं काम आहे. सोबत इरावती कर्वे यांचं काम सांगा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध केला. असमानतेचा वंशाशी संबंध दाखवावा ही मार्गदर्शकाची अपेक्षा होती, आणि कर्वे यांची मोजमापं तसा संबंध नाही असं सांगत होती. त्यांनी तेच लिहिलं. पुढे १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं, की माणसांतल्या जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच असतो. वर्गातली मोजमापं घेताना जात-धर्माचा रकाना ठेवू नका. दहा-वीस मुलांच्या नमुन्यात असा रकाना ठेवला की काही ना काही फरक निघतोच, आणि घरी जाताना तेवढाच लक्षात राहतो.

होमो फ्लोरेसिएन्सिस आणि होमो नालेदी या दोन जाती शेवटच्या तासासाठी राखून ठेवा, आधी त्यांचं नावही काढू नका. दोन्हींची मोजमापं फळ्यावर द्या, वय झाका. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरची व्यक्ती उंचीला एक मीटरहून थोडी जास्त, मेंदू ४०० घन सेंटीमीटरच्या आसपास. दक्षिण आफ्रिकेतल्या नालेदीचा मेंदू साधारण ४६५ ते ६१०, पाऊल मात्र बरंचसं आपल्यासारखं. गटांना वयाचा अंदाज लिहायला सांगा. बहुतेक वीस लाख वर्षांच्या पुढेमागे लिहितात. मग सांगा, की नालेदी ३ लाख ३५ हजार ते २ लाख ३६ हजार वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या जातीच्या माणसांचा समकालीन. आणि फ्लोरेसची माणसं तर लाखभर वर्षांच्या आतही होती. यानंतरच्या चर्चेला पूर्ण तास लागतो, त्या दिवशी दुसरं काही घेऊ नका.